दोन परवान्यांच्या मधली गोळी
(महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र)

मा. मंत्री महोदय,


तासगावात माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरमागच्या भिंतीवर आपल्या खात्यामार्फत मिळालेले परवाने फ्रेम करून लावले आहेत. नमुना २० आणि २१ हे औषधविक्रीचे, आणि त्यांच्या शेजारी १४ आकडी क्रमांकाचा अन्नाचा. पहिले दोन मिळवायचे तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, फ्रीज लागतो, जागेचं मोजमाप लागतं, रजिस्टरं लागतात. तिसऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही. तो जिमवाल्याकडे आहे, किराणा दुकानात आहे, घरोघर फिरून डबे विकणाऱ्या साखळीतल्या एखाद्या वहिनींकडेही असतो. हे पत्र या दोन प्रकारच्या परवान्यांच्या मधे बसलेल्या गोळ्यांबद्दल आहे.

कॅल्शियमची एक पट्टी माझ्याकडे औषध म्हणून येते, आणि तिच्याच शेजारी ठेवलेली, जवळपास तोच मजकूर असलेली दुसरी पट्टी ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा औषध असते, १००० किंवा २००० युनिटची गोळी अनेकदा अन्न असते. गिऱ्हाइकाला या फरकाशी देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी दोन्ही ‘ताकदीच्या गोळ्या’ आणि ताकदीच्या गोळीने कधी अपाय होत नाही, अशी त्याची खात्री. जेवण जास्त झालं तर पोट बिघडेल, याहून जास्त काय होणार?

व्यवहाराचंही सांगून टाकते, म्हणजे माझी बाजू लपून राहायला नको. किंमत नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याच्या वाट्याला १६ टक्के धरलेले असतात. सप्लिमेंटला असं बंधन नाही, तिथे आमचा नफा पुष्कळ जास्त असतो. त्यामुळे काउंटरवर दर्शनी भागात काय मांडलेलं दिसतं आणि का, हे आपल्या लक्षात येईल. ‘थकवा आहे’ म्हणत आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार धंद्याच्या हिशेबाने वेडाच म्हणायला हवा.

मी या गोळ्यांच्या विरोधात नाही. काहींच्या तर ठामपणे बाजूची आहे. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडे बी-१२ किती सर्रास कमी असतं, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आलं. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, हेही त्याच अभ्यासातलं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या, दूध चहापुरतंच असलेल्या घरात बी-१२ येणार कुठून? आमच्या भागात माळकरी घरं खूप आहेत. हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, सारखा विसर पडणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी माणसांना साध्या गोळीने नाहीतर इंजेक्शनच्या कोर्सने फरक पडलेला मी पाहिला आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ उतरतं. त्यांनी ते तपासून घ्यायला हवं. इथे गोळी म्हणजे चैन नव्हे.

पण याच खणातली दुसरी बाजू बघा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, हिमोग्लोबिन वर येतं, माणूस समाधानाने घरी जातो आणि आत नसांची हानी चालूच राहते. ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून खपणाऱ्या मिश्रणात बी-६ असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना बधिरपणा येतो. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्या आणते, आणि मुंग्या वाढल्या म्हणून माणूस आणखी एक पट्टी मागतो. पाकिटावर यातलं मराठीत काहीही नसतं.

सगळ्यात जास्त काळजी मला डी-थ्रीच्या, म्हणजे डी जीवनसत्त्वाच्या, सॅशेची वाटते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ माणसाची डी जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. रोज घेता येईल अशी वरची मर्यादा ४००० युनिट. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते ६०,००० युनिटचं सॅशे किंवा मऊ कॅप्सूल. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांची गरज भागते. डॉक्टर ते आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे लिहून देतात आणि त्यानंतर महिन्यातून एकदा नाहीतर बंद. कमतरता खरी असेल तर ही पद्धत चांगली आहे, स्वस्तही आहे. गोची होते ती घरी गेल्यावर. आपल्याकडे पुडी म्हटलं की ती रोजची, रात्री दुधातून घ्यायची. चिठ्ठीवरचं ‘वीकली’ हे अक्षर वाचतं कोण? आठ आठवडे संपले की जुनी चिठ्ठी पुन्हा पुढे येते, मग तिसऱ्यांदा येते. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं असल्याने शरीर जास्तीचं बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं.

आमच्या ओळखीतले एक आजोबा रोज एक पुडी घेत होते. मुलाने शहरातून मोठा डबा पाठवला होता, प्रेमाने. आधी बद्धकोष्ठ झालं, मग सारखी तहान, रात्री सारखं लघवीला उठणं, जेवणावरची वासना गेली आणि दुपारचं बोलणं विस्कळीत व्हायला लागलं. घरच्यांनी ‘वय झालं आता’ म्हणून सोडून दिलं. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तेव्हा उलगडा झाला. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, कधी त्यांची कायमची हानीही होते. आजोबा बरे झाले, त्याला बरेच आठवडे लागले. पुडी बंद केली तरी शरीरातला साठा उतरायला वेळ लागतोच. आठवड्याची पुडी रोज घेणारे ते एकटे नाहीत, हे कुठलाही औषधवाला आपल्याला सांगेल. पुडीवर मोठ्या अक्षरांत ‘आठवड्यातून एकदा’ एवढं छापलेलं असतं, तर मुलाने डबा पाठवतानाच ते वाचलं असतं.

कॅल्शियमची भानगड वेगळ्या जातीची. ते फारसं कोणाला जोरात बाधत नाही. बद्धकोष्ठ, पोट जड, मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावं, इतकंच. पण ते दुसऱ्या औषधांच्या वाटेत आडवं येतं. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेतात. बऱ्याच बायका तिच्यासोबतच कॅल्शियम घेऊन टाकतात, ‘एकदाच काय ते उरकलं’ म्हणून. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं. मग थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वाढलेला दिसतो, डॉक्टर ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची करतात, तरी टीएसएच हलत नाही, मग १०० ची. आणि एक दिवस बाई कॅल्शियम बंद करतात, तेव्हा अचानक धडधड, घाम, झोप उडालेली. या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर हे काहीच झालं नसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या अँटिबायोटिकचंही तसंच. ताप उतरत नाही म्हणून औषध बदललं जातं, आणि दोष होता सोबत गिळलेल्या कॅल्शियमचा.

शिवाय पाकिटावरचे आकडे. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ वाचून गिऱ्हाईक खूश होतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. एका वेळी याहून जास्त घेतलं तर शरीर ते नीट शोषतही नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं लागतं, कारण त्याला पोटातलं आम्ल हवं असतं. आणि आमच्याकडे कॅल्शियम नेणाऱ्या निम्म्या बायका शेजारीच ॲसिडिटीची गोळी मागतात! त्यांच्यासाठी सायट्रेट बरं. हे सगळं मी तोंडी सांगते, पण मागे चार जण उभे असतात आणि नेणारा बहुतेक वेळा बाईंचा नातू असतो.

लोहाबद्दल सरकारने केलेलं काम मोठं आहे, ते मान्य करूनच पुढे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर मणी निवडणाऱ्या, दुपारी भाकरीवर चहा पिणाऱ्या बायका बघितल्या की या आकड्याचं नवल वाटत नाही. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस रोज मिळते, किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते. आशाताई घरी आणून देतात. तरी गोळ्या डब्यात पडून राहतात. का? तर संडास काळी होते आणि बाई घाबरते. मळमळतं. कोणी सांगितलेलं नसतं की काळी होणं अगदी स्वाभाविक आहे, मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा पुढे-मागे तासभर टाळावा, लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर लोह चांगलं लागू पडतं, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. पाच वाक्यं आहेत ही. गोळीच्या सोबत ती घरात पोहोचली पाहिजेत, आणि वाचणारी बाई चौथी शिकलेली आहे असं धरून लिहिली पाहिजेत.

लोहाच्या दोन गोष्टींवर मात्र इशाराच हवा. एक, लहान मुलं. लाल, गुळगुळीत गोळी मुलांना चॉकलेटसारखी वाटते. दहा किलोच्या मुलाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. फडताळाच्या खालच्या कप्प्यात ही पट्टी असता कामा नये. दुसरी, प्रत्येक फिकट चेहऱ्याला लोह कमी असतंच असं नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना, सिकलसेलमुळे वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्यांना शरीरात लोह आधीच साचत असतं. नंदुरबार, गडचिरोलीच्या बाजूच्या आपल्या सहकाऱ्यांना हे मी सांगायची गरज नाही, पण तिथल्याही टॉनिकच्या बाटलीवर ते लिहिलेलं नसतं. आणि साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं असेल तर आधी पोटात कुठे रक्त जातंय का, हे शोधायचं असतं. दुकानातून आणलेलं टॉनिक सहा महिने रिपोर्ट सजवतं आणि मूळ दुखणं तेवढंच पुढे सरकतं.

आता तालमीकडे वळते. सांगली-कोल्हापूरच्या पैलवानांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. तो अजून आहे. पण त्याच्या बरोबरीने आता पाच किलोचे डबे आले आहेत आणि कुस्ती न खेळणारी, नुसता शर्ट फुगलेला दिसावा म्हणून व्यायाम करणारी पोरं महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा त्या डब्यात घालतात. व्हे प्रोटीन हे मुळात दुधाचंच आहे, वाईट काही नाही. एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चार अंडी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यातही साधारण तेवढीच. प्रौढ माणसाची गरज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, कसून व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात, तेही जेवणातून भागवता येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मधल्या आहार-मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं. मला तो सल्ला थोडा सरसकट वाटतो. जेवण जात नसलेल्या आजाऱ्याला किंवा अंडंही न खाणाऱ्या खेळाडूला पावडरीचा उपयोग होतो. पण माझी तक्रार पावडरीत नक्की काय आहे याबद्दल आहे.

प्रथिनं किती आहेत हे प्रयोगशाळेत बहुधा नायट्रोजन मोजून ठरवतात. त्यामुळे स्वस्तातलं ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं तरी आकडा वर जातो. याच वाटेने २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं आणि लाखो बाळं आजारी पडली. आपल्याकडे २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ प्रथिन-पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता, १४ टक्क्यांत बुरशीतून येणारं ॲफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. हे संशोधन नियतकालिकात छापून आलेलं आहे, ऐकीव गोष्ट नाही. ‘मास गेनर’ नावाच्या डब्यांत तर बहुतेक भाग साखरेच्या भावंडांचाच असतो. पोराच्या डब्यातून मधुमेही बापानेही एक ग्लास मारला, तर संध्याकाळची साखर किती येईल ते सांगायला नको.

पैलवानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. उत्तेजक-तपासणीत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार धरला जातो. ‘डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं’ या म्हणण्याने निर्दोष सुटका होत नाही. डब्यावर न छापलेले स्टेरॉइड किंवा उत्तेजक असलेली पावडर गावातल्या जिममध्ये सुट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत मोजून विकली जाते. त्या पिशवीवर कसला क्रमांक असणार? आपल्या खात्याचे अन्न सुरक्षा अधिकारी दिवाळीत खव्याचे नमुने घेतात, ते आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. तेवढ्याच उत्साहाने जानेवारीत, नवीन वर्षाचे संकल्प करून पोरं जिममध्ये भरती होतात तेव्हा, पावडरीचे नमुने घ्यावेत. क्रिएटिनबद्दल मात्र लोकांना उगाच भीती आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम निरोगी तरुणाला चालतं, उपयोगही होतो. फक्त रक्तातलं क्रिएटिनिन त्याने थोडं वाढलेलं दिसतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्याने मात्र क्रिएटिन आणि पावडर दोन्हींपासून लांब राहावं.

तपासणीचा विषय निघालाच आहे तर केसांच्या गोळ्यांबद्दल लिहिते. गुलाबी डब्यातल्या, अस्वलाच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्यांत बायोटिन असतं. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, आणि बाजारात गोळी मिळते १०,००० मायक्रोग्रॅमचीसुद्धा. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे अपाय असा नाही. पण अनेक रक्ततपासण्यांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. अंगात ते भरपूर असेल तर रिपोर्ट चुकतो. थायरॉइड नसताना थायरॉइड दिसतो. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारं ट्रोपोनिन कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा दिला. इथे छातीत दुखतंय म्हणून तपासायला आलेल्या मुलीला ‘केसांसाठी काही घेतेस का’ असं कोण विचारतो?

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दापुढे तर आपण सगळेच हात जोडतो. कोविडच्या दिवसांत गुळवेलीचे काढे घरोघर झाले. कडुलिंबावर चढलेले वेल लोकांनी ओरबाडून नेले. त्याच काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, ही वनस्पती दुसरीच असेल असं म्हटलं. वाद असेल, पण कावीळ झालेल्या माणसाला तो मिटेपर्यंत थांबता येत नाही. कावीळ, गडद लघवी, खाज अशी चिन्हं दिसली तर गोळ्या-काढे आधी बंद करावेत, एवढं तरी डब्यावर हवंच. अश्वगंधेबद्दलही यकृताच्या त्रासाच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये ती बंदच केली. मला ते टोकाचं वाटतं, पण थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती आपल्या मनाने घेऊ नये, हे मी दुकानात सांगतेच.

हळदीचं तर मला हसू येतं. सांगली म्हणजे हळदीची पेठ, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि माझ्याकडे लोक हळदीच्या अर्काच्या परदेशी कॅप्सूल मागायला येतात. भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीतलं कर्क्युमिन सहज शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. ते इतर औषधांचंही शोषण वाढवतं. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाची प्रकरणं लागोपाठ निघाली, तेव्हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डब्यांवर इशारा छापायला लावला. हळद आपली, इशारा मात्र इटलीत.

‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून सगळ्यांनी सरसकट घ्यायच्या गोळ्यांबद्दल दोनच ओळी. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना कर्करोग टळावा म्हणून बीटा-कॅरोटिन दिलं, तर १९९४ मध्ये निकाल आला की त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग कमी होईल या आशेने हजारो पुरुषांवर प्रयोग केला, २०११ मध्ये दिसलं की तो १७ टक्के वाढला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने ई जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्याने के जीवनसत्त्व असलेलं मल्टिव्हिटॅमिन अधूनमधून सुरू-बंद करू नये. गरोदर बाईने ए जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या घेतल्या तर बाळाला व्यंग येऊ शकतं.

आपण म्हणाल, कायदा आहे ना. आहे. सप्लिमेंटसाठी केंद्राने २०१६ मध्ये वेगळे विनियम केले. डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’, ‘सांगितलेल्या रोजच्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये’, ‘मुलांपासून दूर ठेवावे’ असं छापावं लागतं. ज्ञात दुष्परिणाम, कोणी घेऊ नये, कोणत्या औषधाशी जमत नाही, हेही ‘लागू असेल तिथे’ छापावं असं त्यात म्हटलेलं आहे. लागू आहे की नाही हे मुख्यतः डबा छापणारा ठरवतो, त्यामुळे बहुतेक डब्यांवर त्याची जागा कोरी असते. आणि भाषा? मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की झालं. दुसरी भाषा जास्तीची वापरायला मनाई नाही, सक्तीही नाही. गंमत अशी की सप्लिमेंट अन्नात मोडत असल्याने त्याच्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण हवा, आणि माळकरी गिऱ्हाईक ती खूण न चुकता बघतं. मऊ कॅप्सूल जिलेटिनची आहे की नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळतं. शाकाहाराची खूण सगळ्यांना समजेल अशी करता येते, तर आठवड्याची मात्रा रोज घेऊ नका याची का नाही?

डब्याचा नियम दिल्लीत बदलायचा आहे, तो आपल्या हातात नाही. ६०,००० युनिटच्या सॅशेवर राज्याच्या भाषेत ‘आठवड्यातून एकदा’ आणि तारीख लिहायला आठ चौकोन असावेत, असं राज्याने केंद्राला लिहावं ही विनंती आहे. पण अन्न आणि औषध ही दोन्ही दालनं आपल्या एकाच खात्यात आहेत, आणि काउंटर तर इथेच आहे. औषध दुकानात, जिममध्ये, जिथे जिथे या गोळ्या आणि डबे विकले जातात तिथे एक मराठी फलक लावणं आपण बंधनकारक करू शकता का, ते पाहावं. त्यावर सहा-सातच नावं असावीत: डी-थ्री, कॅल्शियम, लोह, बी-१२ आणि फॉलिक, प्रोटीन पावडर, बायोटिन, आणि वनस्पतींचे अर्क. प्रत्येकापुढे किती, किती दिवस, कोणासोबत नको, काय झालं तर थांबायचं. अक्षर एवढं मोठं की चष्मा घरी विसरलेल्या माणसाला वाचता यावं.

दुसरी विनंती खरं तर आपल्या शेजारच्या खात्याची आहे. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘सध्या चालू औषधे’ असा रकाना असतो. त्याखाली ‘इतर गोळ्या, पावडर, काढे’ असा आणखी एक रकाना घालायला छपाईचा वेगळा खर्च येत नाही. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण ताकदीची गोळी ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं लोकांना वाटतच नाही. आरोग्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपल्याजवळच बसत असतील. त्यांच्या कानावर घालावं.

फलक छापण्याचा खर्च सरकारने उचलावा असा माझा आग्रह नाही. आमच्या तालुक्यातल्या औषध विक्रेत्यांपुढे मी तो विषय मांडणार आहे, आणि पाच-पन्नास रुपयांसाठी कोणी अडून बसेल असं मला वाटत नाही. मजकूर मात्र आपल्या खात्याच्या तज्ज्ञांनी तपासलेला आणि खात्याच्या शिक्क्यानिशी असावा. मी स्वतःच्या हाताने ‘ही पुडी रोज घेऊ नका’ असं लिहून काउंटरवर चिकटवलं होतं. त्यावर एका गिऱ्हाइकाने शेजारच्याला सांगितलं, ‘बाईंकडे माल कमी आलाय वाटतं.’

कळावे,
आपली विश्वासू,
एक औषध विक्रेती, तासगाव (जि. सांगली)